फाटका आवाज

परवा समाजमंदिरात मी मोबाईलवर ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ लावलं. दोन मिनिटांत पोरं ओरडली, “बंद कर रं ते! शेठच्या पोरांचा इंग्रजी धांगडधिंगा!” मी बंद केलं नाही. का नाही, ते लिहितोय.

सत्तरीतला हा मुंबईचा रॉक बँड. उभ्या आयुष्यात एकच तबकडी, ‘ऑब्सेशन ७७’. तीही बाजारात आली १९८१ ला, बँड मोडल्यावर.

पोरांचं अर्धं खरंय. इलेक्ट्रिक गिटार तेव्हा कुणाच्या घरात होती? १९७२ ला ज्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली त्याच मुंबईत हे वाजवत होते, पण बीडीडी चाळीचा मागमूस त्यांच्या वाजवण्यात नाही. बऱ्याचशा धुना परदेशी गाण्यांच्या, उसन्या. तिथं मला कंटाळा येतो, सरळ सांगतो.

पण तबकडीच्या नावाची धून ऐका. दोनदा वाजवलीय, एकदा संथ नि एकदा जलद. जलदमध्ये गिटारचा सूर मुद्दाम फाडलाय, ओल्या लाकडात करवत अडकावी तसा. गोडवा शोधायला जाल तर हात हलवत परत याल. आपल्या कवींनी पांढरपेशी गोड मराठी फाडली, ती शाई फुटलेल्या स्टेन्सिलवर छापली, नि आपण ती छातीशी धरली. मग हाच फाटका सूर आपल्याला परका का?

अन् दुसरं. १९२१ ला सेनापती बापटांच्या मागं मुळशीचे शेतकरी धरणाविरुद्ध उभे राहिले, तरी धरण झालंच. पाणी भिऱ्याला उतरतं, वीज मुंबईला जाते. म्हंजे मुंबईच्या गिटारीत आमच्या बुडालेल्या शिवाराचाही वाटा आला. वाजवणाऱ्यांच्या ते गावीही नसणार! (परवा निम्म्या धुनेत वस्तीची लाईट गेली. मोबाईल चालू राहिला म्हणून बरं.)

२०११ ला अमेरिकेतल्या ‘नाऊ-अगेन’ कंपनीनं ही तबकडी पुन्हा काढली, तेव्हा कुठं जगाला तिचं नाव कळलं. स्टुडिओ मिळालेल्यांची ही गत! वामनदादा लोकांच्या तोंडी राहिले. पण गावोगावच्या जलशांतले किती गळे तबकडीविनाच गेले? आमच्या वस्तीतला एक म्हातारा रात्रभर गायचा. तो वारला. आज त्याच्या आवाजाचा एक सेकंद कुणाकडं नाही.

ज्याच्या घरी जुन्या जलशाची कॅसेट पडून असेल, त्यानं बुरशी चढायच्या आत कळवावं. आवाज फाटका असला तरी चालेल.