कल्पित सृष्टी आणि व्यक्तिविकास

आपल्या कादंबरी-समीक्षेत ‘वातावरण’ आणि ‘स्वभावरेखन’ यांचा विचार दोन स्वतंत्र प्रकरणांत करण्याची पद्धत रूढ आहे. आधी वाडे, पोशाख, हत्यारे, सणवार यांची नोंद घ्यावयाची आणि मग पात्रे सजीव उतरली की नाही, हे सांगावयाचे. या विभागणीत मूळ प्रश्न निसटतो. कथेतील सृष्टी म्हणजे पात्राच्या पाठीमागे सोडलेला पडदा नव्हे. पात्राला काय करता येईल आणि काय मुळीच करता येणार नाही, हे ती ठरवीत असते.

दिल्लीतीलच एक उदाहरण घेऊ. शहराच्या उत्तरेकडील टेकडीवर हिंदुराव रुग्णालय आहे. हे नाव कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदुरावांचे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे ते बंधू. १८३३ साली बायजाबाईंच्या हातून ग्वाल्हेरची सत्ता गेली. १८३५ साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाला आणि त्यानंतर टेकडीवरचे त्याचे घर हिंदुरावांकडे आले. १८५७ च्या वेढ्यात याच घराभोवती इंग्रजांचे मोर्चे होते.

ऐतिहासिक कादंबरीकाराला मोह पडावा अशी ही सामग्री आहे. खून झालेल्या साहेबाचे घर, पदच्युत राणीचा भाऊ, जवळच फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणविलेला अशोकस्तंभ! परंतु ही सारी सामग्री जमविली तरी हिंदुराव नावाचा माणूस उभा राहत नाही. बादशहाचा दरबार नावापुरता उरला आहे, सत्ता कंपनीची आहे आणि ग्वाल्हेरात बहिणीचा अंमल संपला आहे. अशा सरदाराने कोणापुढे झुकावे आणि कोठे ताठ राहावे, हा प्रश्न लेखकाला पडेल तेव्हाच सामग्रीची सृष्टी होऊ लागेल.

मराठीत एकाच नावाच्या दोन कृती या दृष्टीने ताडून पाहण्यासारख्या आहेत. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) ही कादंबरी माधवराव पेशव्यांची, जी. ए. कुलकर्णी यांची ‘स्वामी’ ही ‘पिंगळावेळ’ (१९७७) संग्रहातील कथा, एका मठात कोंडल्या गेलेल्या वाटसरूची. एकीला इतिहासाचा आधार, दुसरी सर्वस्वी कल्पित. तरीही दोन्हींच्या मुळाशी एकच योजना आहे : न मागितलेले पद माणसाच्या वाट्याला येते आणि परतीची वाट मिटते. पानिपतानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी माधवरावांना पेशवेपद मिळाले. ज्या काकांचा मान पुतण्याने राखावयाचा, त्याच रघुनाथरावांना १७६८ साली धोडपच्या लढाईनंतर कैद करण्याची वेळ पेशव्यावर आली. माधवरावांचा स्वभाव या पेचातून घडत जातो, शनिवारवाड्याच्या वर्णनातून नव्हे. जी. एं.च्या मठाला ना काळ, ना मुलूख. तरी त्या तळघराचा कायदा इतका निश्चित आहे की वाचक तो निमूटपणे मान्य करतो.

यावर कोणी म्हणेल की ऐतिहासिक लेखकाची पहिली निष्ठा कागदपत्रांशी हवी. ती हवीच. तथापि निष्ठा म्हणजे माहितीचा भरणा नव्हे. अनुवाद करताना याचा प्रत्यय विशेष येतो. पगडी, पालखी, मसनद यांना परभाषेत काही ना काही शब्द सापडतो. ‘काका’ या संबोधनालाही सापडतो. पण त्या संबोधनामुळे माधवरावांच्या हाताला जो आवर बसतो, तो शब्दाबरोबर पलीकडे जात नाही. मूळ लेखकाने तो प्रसंगांत मुरविला असेल, तरच अनुवादात टिकतो. केवळ तपशिलांवर उभी असलेली सृष्टी भाषांतरात वस्तुसंग्रहालयासारखी निर्जीव दिसू लागते.

तेव्हा समीक्षकाने व्यक्तिरेखेची एक सोपी परीक्षा घ्यावी. तिला तिच्या सृष्टीतून उचलून दुसऱ्या काळात, दुसऱ्या घरात ठेवावे. तेथेही ती पूर्वीसारखीच बोलत-वागत राहिली, तर लेखकाने तिच्यावर केवळ पोशाख चढविला आहे, असे समजावे. रुग्णालयाच्या पाटीवरील हिंदुराव आज केवळ नाव आहेत. त्यांच्यावर उद्या कोणी कादंबरी लिहिली, तर तिचीही परीक्षा हीच असेल.