पेंढ्याच्या कागदावरील ग्रंथ

ग्रंथाच्या अंतरंगाचा परामर्श घेऊन झाला म्हणजे अखेरीस 'छपाई सुबक असून मुखपृष्ठ आकर्षक आहे' एवढें एक वाक्य घालून परीक्षक मोकळा होतो. हें पाप आम्हींही अनेकदां केलें आहे. आज तो क्रम उलटा करून, ज्याचें बहिरंग हाच ज्याचा मुख्य सिद्धान्त, अशा एका जुन्या ग्रंथापासून आम्ही प्रारंभ करतों.

लंडनमध्यें १८०० सालीं मथायस कूप्स नांवाच्या गृहस्थानें लेखनसाधनांच्या इतिहासावर एक ग्रंथ छापून तिसऱ्या जॉर्ज राजास अर्पण केला. इतिहास म्हणून त्याची योग्यता मध्यम प्रतीची. पूर्वसूरींच्या लेखनांतून वेंचे उचलून केलेली ती जुळणी आहे. परंतु तो छापला होता पेंढ्याच्या कागदावर. त्या काळीं युरोपांत कागद चिंध्यांपासून होत असे, आणि चिंध्यांचा दुष्काळ पडला होता. परिशिष्ट त्यानें निव्वळ लाकडाच्या कागदावर छापलें, व हा निराळा कागद आहे हें तेथेंच वाचकास सांगितलें. पुढच्या वर्षींच्या आवृत्तीस तर जुन्या छापील व लिखित कागदांची शाई काढून पुन्हां केलेला कागद वापरला. कूप्सचा धंदा थोड्याच वर्षांत बुडाला. ज्या लाकडाकडे त्यानें तोड म्हणून बोट दाखविलें, त्याच्याच लगद्यानें एकोणिसाव्या शतकांत कागद स्वस्त केला आणि रानांवर कुऱ्हाड आणली, हा दैवदुर्विलासही खराच. तरी त्याचा एक गुण आजच्या प्रकाशकांत आम्हांस क्वचितच आढळतो: आपण काय हातीं देत आहों, तें तो स्पष्ट सांगतो.

अलीकडे मुद्रणनिर्देशाच्या पानावर एखादें हिरवें पान काढून 'पर्यावरणस्नेही मुद्रण' असे शब्द घालण्याची चाल पडत आहे. हा स्नेह कशाचा? बहुधा शाईचा. अमेरिकेंत १९७० नंतरच्या तेलटंचाईमुळें वृत्तपत्रें खनिज तेलाऐवजीं दुसरें तेल शोधूं लागलीं, आणि १९८७ सालीं आयोवामधील सीडर रॅपिड्स येथील दैनिकानें सोयाबीनच्या तेलाची शाई वापरून पाहिली. शाई चांगली निघाली. रंग खुलले, आणि रद्दीपासून नवा कागद करतांना ती सुटतेही सहज. परंतु तिचें बोधचिन्ह मिळविण्यास वृत्तपत्राच्या काळ्या शाईंत ४० टक्के सोयातेल लागे, तर उष्णतेनें वाळवावयाच्या शाईंत अवघें ७ टक्के पुरे होई. चिन्ह मात्र एकच! शिवाय वनस्पतितेलाची शाई ही कांहीं अपूर्वाई नव्हे. काजळी आणि कढविलेलें जवसाचें तेल हीच शतकानुशतकें छापखान्याची शाई होती. आपल्या गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं पंचांग छापलें, तेव्हां सोवळ्या मंडळींस चरबीचा विटाळ नको म्हणून शाईंत तूप घातलें असें सांगतात. शाईचें सोवळें पाहण्याची आमची हौस जुनीच आहे.

पण पुस्तकांत शाई ती किती! भार सारा कागदाचा. तावाच्या मापांत न बसणारा ऐटबाज आकार निवडला कीं प्रत्येक फर्म्यामागें कागदाची पट्टी कातरणांत जाते. डेमी व क्राउन हे जुने आकार आमच्या वडीलधाऱ्या मुद्रकांनीं उगीच धरले नव्हते. तामिळनाडूंत उंसाच्या चिपाडांपासून छपाईचा कागद होतो. तेंही फुकटांत होत नाहीं. चिपाडें उचललीं तर साखर कारखान्याच्या भट्टीस दुसरें जळण द्यावें लागतें. यंत्राचे रूळ धुण्याच्या द्रावणांची वाफ तर कामगाराच्या छातींत जाते, आणि मुद्रणनिर्देशांत तिला एक ओळही मिळत नाहीं. कागद कशाचा, मुखपृष्ठावर काय चढविलें आहे आणि प्रती किती काढल्या, या तीन गोष्टी छापल्या तर हिरव्या पानावांचून आमचें अडणार नाहीं. यांतील तिसरी सर्वांत महत्त्वाची आहे. कारण न वाचली गेलेली प्रत कोणत्याही शाईंत छापली तरी व्यर्थच. आतां पन्नास प्रतीही छापून मिळतात. हजारांचा हट्ट केवळ लेखकाच्या मानापोटीं उरला आहे.

हें आम्ही अनुभवानें लिहीत आहों. आमच्या एका निबंधसंग्रहाच्या दोन हजार प्रती निघाव्या, आणि मुखपृष्ठ चकचकीत असावें, असा आग्रह आम्हींच धरला होता. प्रकाशक बिचारे पाण्यांत मिसळणारें साधें रोगण सुचवीत होते; आम्हांस तें कळाहीन वाटलें. बारा वर्षांनीं त्यांनीं गोदाम रिकामें केलें व उरलेले गठ्ठे आमच्या घरीं पाठविले. घरांत जागा नव्हती. शेवटीं रद्दीवाल्यास बोलाविलें. त्यानें गठ्ठे सोडले, आणि वजनास घालण्यापूर्वी एकेका पुस्तकाचें मुखपृष्ठ टरकावून बाजूस टाकूं लागला. आम्हीं कारण विचारलें. कव्हरावर प्लास्टिक आहे, लगद्यांत जात नाहीं, म्हणाला. नातीनें एक कव्हर उचलून आमच्यासमोर धरलें. आमचें नांव त्यावर अजून झळकत होतें. बारा वर्षांत पापुद्रा कोठेंही सुटला नव्हता.