वेज, दोरा आणि वजन: यवतमाळकडच्या हातघडणीच्या दागिन्यांविषयी

बचत गटांच्या प्रदर्शनात दागिन्यांच्या गाळ्यापुढे उभं राहिलं की पहिली पाच मिनिटं बरं वाटतं. मातीचे रंगीत मणी, मधूनमधून पितळेच्या गोळ्या, खाली वारली नाचाचं पदक. (गोंड-कोलामांच्या जिल्ह्यात वारली कशाला, हे कुणी विचारत नाही.) मग माळ हातात घेऊन उलटी करावी. मण्याच्या वेजाचा, म्हणजे भोकाचा, काठ धारदार असतो, कारण भाजण्याआधी त्यावरून कुणी ओलं बोट फिरवलेलं नसतं. दोरा नायलॉनचा, गाठ डिंकाने बसवलेली. पदक इतकं जड की माळ गळ्यात गोल न बसता टोकदार ओढली जाते आणि मागचा आकडा मानेला टोचतो. मण्यांचं म्हणाल तर बरेचदा ते भाजलेल्या मातीचे नसतातच. हवेत वाळणाऱ्या तयार लगद्याचे असतात, नाहीतर ठोक बाजारातून थैलीने आलेले. हाताने केलेलं असं त्यात ओवणं तेवढं उरतं, आणि नेमकं तेच कच्चं असतं.

नाटक पडलं तर ते का पडलं यावर आपण रात्ररात्र बोलतो. दागिन्याच्या वाट्याला दोनच वाक्यं येतात: ‘किती छान’ आणि ‘केवढ्याला पडलं’. जड मण्याला खेटून ठिसूळ मणी का बसवला, वेज दोऱ्याच्या जाडीशी जुळतं का, दिवसभर घातल्यावर माळ कुठे काचते, असं विचारणारं गिऱ्हाईक नसेल तर करणारीलाही सुधारायचं कारण उरत नाही. यवतमाळच्या आसपास धातू ओतणारे आहेत, माती भाजणारे आहेत, ओवणारे कालपरवापर्यंत होते. या तिघांचं काम एका माळेत एकत्र येत नाही. इथल्या कलेचं मुख्य दुखणं मला हे वाटतं. डिझाइन आणि मार्केटिंगची नेहमीची रड त्यानंतरची.

मणी या भागाला नवा नाही. नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने 2023-24 मध्ये बाभूळगाव तालुक्यातल्या पाचखेडला उत्खनन केलं, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोहयुगीन वस्तीचे अवशेष हाती आले. त्यांत लोखंडाच्या वस्तू आहेत, खापरं आहेत आणि मणीही आहेत. नागपूरजवळच्या माहुरझरीचे अकीक आणि कार्नेलियनचे मणी अभ्यासकांना पाठ आहेत. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत अकीक तयार होतो आणि नद्यांच्या वाळवंटात तो सापडतो, म्हणजे कच्चा माल दाराशीच होता. विदर्भात कौंडिण्यपूरला उत्खनन करणाऱ्या मोरेश्वर दीक्षितांनी 1949 मध्ये भारतातल्या क्षाराने नक्षी उठवलेल्या मण्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, पुढे भारतीय काचेच्या इतिहासावरही. मण्याकडे इतक्या गंभीरपणे बघणारा माणूस आपल्यात होऊन गेला. जुना मणी अभ्यासताना त्याच्या रंगाइतकंच वेजाकडे लक्ष द्यावं लागतं: ते एका बाजूने पाडलं की दोन्हींकडून, आत चरे कसे उठलेत, दोऱ्याने काठ किती झिजलाय. आजच्या मण्याला हीच कसोटी लावली तर निम्मी प्रदर्शनं गाळात जातील.

पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव, उमरखेड या पट्ट्यातल्या बंजारा तांड्यांवर जरा थांबायला हवं, कारण दागिना अंगावर कसा वागवायचा याची समज जिल्ह्यात सगळ्यात जास्त तिथे दिसते. रसेल आणि हिरालाल यांनी जाती-जमातींवरच्या आपल्या 1916 च्या ग्रंथात बंजारा स्त्रियांच्या पेहरावाचं वर्णन तपशिलाने केलं. पण बाहेरून बघणाऱ्या बहुतेकांना त्यात भडकपणा आणि वजनच दिसलं. कपाळाच्या दोन्ही बाजूंना केसांत अडकवलेल्या घुगऱ्या घ्या. दागिना भरगच्च, तरी कान ओघळत नाहीत, कारण भार वेणीने उचललेला असतो. वरचा भाग आतून पोकळ, शेवटाला बारीक घुंगरं; त्यामुळे डोळ्यांना तो जेवढा मोठा दिसतो तेवढा हाताला जड लागत नाही. हांसली गळ्याच्या हाडावर टेकते, मानेवर लोंबत नाही. कवड्या, नाणी आणि आरसे कापडावरच टाचलेले असतात, म्हणजे त्यांचा भार अंगावर सारखा पसरतो. दागिना, टाका आणि देह यांचा एकत्र हिशेब केल्याशिवाय असं काही जमत नाही. हा हिशेब मापं लिहून झालेला नाही. पिढ्यानपिढ्या घालून, चालून, पाणी वाहून, नाचून तो बसत गेला आहे.

शुद्धतेचा आग्रह इथे फार टिकत नाही. मनगटापासून दंडापर्यंत चढणाऱ्या बलिया पूर्वी हस्तिदंताच्या असत, आता प्लॅस्टिकच्या असतात. सामान बदललं, पण रुंदीची चढउतार आणि पांढऱ्या रंगाचा ठसका कायम राहिला, म्हणून ती रचना अजून उभी आहे. उलट ‘ट्रायबल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या माळांत खरी जुनी चांदी असते आणि रचनेचा मात्र पत्ता नसतो. जुनी घुगरी तोडायची, तिचा एक गोंडा पदक म्हणून लावायचा, शेजारी चार तयार मणी, की झाला फ्युजन दागिना. मोडलेल्या घुगरीची जोडीदार कुठे गेली, हे कुणालाच ठाऊक नसतं. होळीला आणि तीजेला तांड्यातल्या तरुण मुली आज जे घालतात ते बरेचदा हलक्या धातूचं तयार सामान असतं. त्यात मला काही गैर दिसत नाही. सण पैशांच्या मर्यादेत साजरा व्हायचाच. खंत वाटते ती जुनं बघायला मिळत नाही याची. दिग्रसपासून जवळ, वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला 5 ऑक्टोबर 2024 रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, ही चांगली गोष्ट आहे. आता काचेच्या आतला दागिना निदान कारागिरांना हातात घेऊन, उलटा करून, तराजूत टाकून बघता आला पाहिजे. समोरून काढलेल्या फोटोवरून दागिना शिकता येत नाही.

केळापूर, घाटंजी, झरी-जामणीकडे गेलं की चित्र बदलतं. कोलामांच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, हाताचं कसब बांबूत आहे; मणी आठवडी बाजारातून येतात आणि धातूकाम दुसऱ्यांकडून. गोंडांसाठी पितळ ओतणारे ओझा लोक पैनगंगेपलीकडे, जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात आहेत. जैनूर मंडळातलं उशेगाव त्यासाठी ओळखलं जातं, आणि 2018 मध्ये आदिलाबादच्या डोकरा कामाला, म्हणजे याच ओतकामाला, भौगोलिक मानांकन मिळालं. हा मुलूख 1956 मध्ये आंध्रात गेला, 2014 पासून तेलंगणात आहे. नागोबाच्या जत्रेला केसलापूरला इकडचे गोंड जातात, सोयरिकी होतात. पण अलीकडच्या सरकारी योजनेला पलीकडचा ओतारी दिसत नाही.

ओझांचं काम आपल्या विषयाला फार जवळचं आहे. मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या वळून नक्षी उभी करायची, वरून मातीचे थर द्यायचे, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही, म्हणून एका साच्याचा एकच नग. अशा मण्यात वेज पाडावं लागत नाही, तिथे आधी मातीचा गाभा होता. ‘मेटल-सिरॅमिक’ दागिन्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे एकदा बघून यावं. तिथे मातीने धातूला आकार दिलेला असतो. आपल्याकडे दोघं एका दोऱ्यावर शेजारी बसून एकमेकांना खरवडतात. पितळ पाण्याच्या आठपटीहून अधिक जड, भाजलेली माती जेमतेम दुप्पट-अडीचपट. भरीव पितळी गोळी चालताना मातीच्या मण्यावर आपटते आणि महिन्याभरात त्याचे काठ टवके टवके होतात. उपाय नवा शोधायचा नाही: मध्ये गाठ, नाहीतर सुताची गुंडी. किंवा गोळीच पोकळ करायची, बोरमाळेच्या मण्यांसारखी, पातळ पत्र्याच्या दोन वाट्या डाक देऊन जोडून. सोनाराला हे येतं. त्याला कुणी सांगत नाही, कारण पितळेच्या घडईत त्याला परवडत नाही.

मातीचं पाहिलं तर वणीहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती येतं. गांधीविचाराचे कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी तिथे 1955 मध्ये ग्रामोदय संघ सुरू केला आणि ग्रामीण कुंभारकामाला झिलई, भट्टी, नव्या मातीचं शिक्षण मिळालं. विदर्भात सिरॅमिकचं नाव काढलं की आजही भद्रावतीच आठवते. यवतमाळच्या कापसाच्या काळ्या मातीचा एकटीच्या जोरावर मणी होत नाही. ती पाण्याने फुगते, वाळताना आकसून तडकते. त्यात वाळू, राख मिसळावी लागते, ती मळून मुरवावी लागते. कुंभाराच्या आव्यात मणी भाजतो, पण झिलई नीट वितळायला जास्त आणि आवरता येणारी उष्णता लागते. शिवाय झिलईचा मणी भट्टीत खाली टेकला तर तिथेच चिकटतो, म्हणून तो तारेवर टांगून भाजायचा असतो. तार जाड तर वेज मोठं, वेज मोठं तर माळेत मणी डुलणार. एका मण्यात एवढं सगळं आहे. आठ-दहा दिवसांच्या प्रशिक्षणात यातलं काही येत नाही. तिथे पक्कड धरायला, कड्या अडकवायला आणि कानातलं जोडायला शिकवतात, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. प्रशिक्षण घेणाऱ्या बायकांचा यात दोष नाही. त्यांच्यापुढे ठेवलेली पायरीच एवढी खालची आहे.

आणि ओवणं. काळी पोत, डोरलं, गाठी, तोडे गाठवणारा पटवेकरी पायाच्या अंगठ्यात दोरा ताणून बसायचा. दोऱ्याची निवड, पीळ, दोन मण्यांमधली गाठ, शेवटचा गोंडा हे सगळं त्याचं. आज हे काम सराफाच्या पेढीच्या कोपऱ्यात उरलंय, बऱ्याच गावांत तेही नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत सोनार आहे, कुंभार आहे, माळाकारही आहे. पितळ ओतणाऱ्याला आणि मणी ओवणाऱ्याला त्यात वेगळी ओळ मिळालेली नाही. याद्या करणाऱ्यांनी मुद्दाम वगळलं असेल असं नाही. पण समाजाला जो कारागीर दिसत नाही तो यादीतही दिसत नाही.

सगळी कामं एका छताखाली आली तर काय होतं, हे केनियातल्या काझुरीकडे बघून कळतं. 1975 मध्ये नैरोबीजवळ सुझन वुड यांनी दोन गरजू बायकांना घेऊन मातीचे मणी करायला सुरुवात केली, आणि पुढे तिथे शेकडो बायकांना काम मिळालं. मणी वळणं, रंगवणं, भाजणं, ओवणं एकाच आवारात चालतं, त्यामुळे ओवणारीची तक्रार वळणारीच्या कानावर त्याच दिवशी पडते. आपल्याकडे मणी एका जिल्ह्यातून, धातू दुसऱ्या राज्यातून आणि दोरा किराणा दुकानातून. तक्रार पोचवायची कुणाकडे? मात्र काझुरीची नक्कल इथे चालेल, असं कुणी समजू नये. तिचा मोठा आधार परदेशी गिऱ्हाइकांचा आणि पर्यटकांचा. टिपेश्वरच्या अभयारण्यात वाघ बघायला येणारे लोक गाडीतून येतात आणि गाडीतूनच जातात.

स्थानिक गिऱ्हाईक का नाही, याचं उत्तर सरळ आहे. कापसाच्या या मुलखात दागिना म्हणजे अडीअडचणीची ठेव. पेरणीच्या तोंडावर तो गहाण पडतो, पीक आलं तर सुटतो. बाई दुकानात पहिला प्रश्न विचारते तो मोडीचा. पितळ आणि मातीच्या माळेला मोड शून्य. तिच्यासाठी सातशे रुपये देणारी व्यक्ती पगारदार असणार, पुण्या-नागपूरची असणार. मग तिच्या आवडीप्रमाणे वारली येते, बुद्धाचा चेहरा येतो, घुबड येतं. हा व्यवहार मी हलका मानत नाही, त्यावर घरं चालतात. पण त्यातून यवतमाळची म्हणून ओळखता येईल अशी घडण अजून तरी निघालेली नाही.

मोड न विचारता इथली बाई दरवर्षी दोन गोष्टी घेते: काचेच्या बांगड्या आणि काळे मणी. पोत तुटते, पुन्हा ओवून घेतली जाते, त्यात एखादा मणी नवा पडतो. मातीच्या मण्याला या जिल्ह्यात शिरायला जागा असेल तर ती इथे आहे: लहान, गुळगुळीत वेजाचा, घामाने रंग न सोडणारा, दहा-वीस रुपयांचा मणी. तो करणं पदकं रंगवण्याहून अवघड आहे आणि त्याचं उद्घाटन करायला कुणी येणार नाही. पांढरकवड्याच्या बाजारात एखाद्या बाईने तो आपणहून मागून पोतीत ओवून घेतला, की या कलेविषयी मी वेगळा लेख लिहीन. शहरातल्या कलादालनांतलं कौतुक तोवर मी जमेला धरत नाही.