कब्के, क्रिस्टेन
(२६ मे १८१०–७ फेब्रुवारी १८४८). डॅनिश चित्रकलेच्या सुवर्णयुगातील श्रेष्ठ निसर्गचित्रकार व व्यक्तिचित्रकार. पूर्ण नाव क्रिस्टेन शेलेरुप कब्के. जन्म कोपनहेगन येथे. अकरा भावंडांपैकी तो एक. त्याच्या वडिलांचा बेकरीचा व्यवसाय होता. कोपनहेगनच्या कास्टेलेट या किल्ल्यातील बेकरी त्यांच्याकडे असल्याने क्रिस्टेनचे बालपण तेथेच गेले. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, १८२२ मध्ये, त्याने तेथील रॉयल अकादमीत प्रवेश घेतला. प्रथम सी. ए. लॉरेंट्सन आणि १८२८ पासून सी. व्ही. एकर्सबर्ग या चित्रकारांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे शिक्षण झाले.

कब्केच्या पिढीच्या वाट्याला आलेला काळ डेन्मार्कच्या दृष्टीने पडता होता. १८०७ मध्ये ब्रिटिशांनी कोपनहेगनवर तोफांचा भडिमार केला, १८१३ मध्ये राज्याचे दिवाळे निघाले व १८१४ मध्ये नॉर्वे डेन्मार्कच्या हातून गेला. भव्य ऐतिहासिक चित्रांना लागणारा आश्रय या परिस्थितीत आटला आणि मध्यमवर्गीयांच्या घरात शोभतील अशी, लहान आकाराची व परिचित विषयांवरील चित्रे पुढे आली. या परिवर्तनात एकर्सबर्गचा वाटा मोठा होता. उघड्यावर बसून निसर्गाचा प्रत्यक्ष अभ्यास करणे आणि यथादर्शनाचे नियम काटेकोरपणे पाळणे, ही शिस्त त्याने विद्यार्थ्यांना लावली. कब्केने ती आत्मसात केली. तथापि गुरूच्या चित्रांत प्रत्येक वस्तू सारख्याच स्पष्टतेने मांडलेली दिसते, तर शिष्याच्या चित्रांत वस्तूंमधील हवा व तिच्यात मुरलेला प्रकाश यांना प्राधान्य मिळते. रंगांच्या निकटवर्ती छटांतील सूक्ष्म भेद टिपण्याची ही शक्ती त्याची स्वतःची होय.

त्याची उत्तम चित्रे त्याच्या घराभोवतालच्या अल्पशा परिसरातून निर्माण झाली. किल्ल्यातील बेकरीच्या कोठाराच्या माळ्यावरून दिसणारे दृश्य त्याने १८३१ मध्ये रंगविले. किल्ल्याच्या उत्तर दरवाजाबाहेरील दृश्य (१८३४) व तेथील उचलता पूल (१८३७) या चित्रांत लाकडी बांधणी, पाण्यातील प्रतिबिंबे व पुलावर रेंगाळणारी माणसे यांपलीकडे काहीही घडत नाही. मात्र खांब, कठडे व सावल्या यांची योजना इतकी विचारपूर्वक केलेली आहे, की त्या क्षुल्लक प्रसंगाला स्थैर्य व गांभीर्य प्राप्त होते. १८३३ मध्ये कुटुंब शहराच्या वेशीबाहेर, सॉर्टेडाम तळ्यानजीकच्या ब्लेगडॅम भागात राहावयास गेले आणि तळ्याचा काठ, बागा व उपनगरातील रस्ते हे त्याचे विषय झाले. सॉर्टेडाम तळ्याकाठचे १८३८ चे दृश्य या मालिकेतील सर्वांत परिपक्व चित्र मानले जाते. सायंकाळच्या निवळ आकाशाखाली लाकडी धक्क्यावर दोन स्त्रिया उभ्या आहेत. पाण्यात एक होडी आहे व ध्वजस्तंभावर डॅनिश ध्वज आहे. होडी येते आहे की जाते आहे, याचा उलगडा चित्रकार करीत नाही. त्यामुळे एका साध्या संध्याकाळी प्रतीक्षेचा व विरहाचा सूर मिसळतो. जागेवर केलेल्या अभ्यासचित्रांवरून चित्रशाळेत काळजीपूर्वक सिद्ध केलेल्या या चित्रात प्रथम दर्शनाचा टवटवीतपणा टिकून राहिला आहे.

डॅनिश कलावंतांनी आपल्या देशातील भूमी व ऐतिहासिक वास्तू यांकडे वळावे, असा आग्रह कलासमीक्षक एन. एल. हॉइएन याने धरला होता. फ्रेडरिक्सबॉर्ग राजवाड्यावरील कब्केची चित्रे या विचाराशी निगडित आहेत. सायंप्रकाशातील राजवाड्याच्या चित्रात (१८३५) वास्तूचे वैभव रूढ पद्धतीने, दुरून दाखविलेले आहे. याउलट, आईवडिलांच्या भोजनगृहासाठी त्याच सुमारास रंगविलेल्या मोठ्या चित्रात छपराची कड, एक लहान मनोरा व खालच्या भूप्रदेशाची पट्टी एवढेच दिसते; उरलेला सर्व अवकाश आकाशाने व्यापला आहे. राष्ट्रीय स्मारकाचा गौरव करावयाचा, तो त्याचा बहुतांश भाग चौकटीबाहेर ठेवून, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. व्यक्तिचित्रांतही हीच जवळीक आढळते. त्याने प्रामुख्याने आप्तेष्ट व मित्र यांनाच रंगविले. त्यांपैकी निसर्गचित्रकार फ्रेडरिक सॉड्रिंग याचे चित्र (१८३२) विशेष प्रसिद्ध आहे.

१८३७ मध्ये त्याचा विवाह झाला व पुढील वर्षी सजावटकार गेओर्ग हिल्कर याच्यासमवेत तो इटलीस गेला. रोम, नेपल्स, पाँपेई व कॅप्री येथे त्याने तेथील उन्हाचा अभ्यास केला. त्याची या काळातील लहान तैलरेखाटने जिवंत आहेत. १८४० मध्ये मायदेशी परतल्यावर त्यांच्या आधारे त्याने मोठी चित्रे रंगविली. पाँपेई येथील फोरम व दूरवरचा व्हीस्यूव्हिअस (१८४१) यांसारख्या काही चित्रांत रचनेचे सामर्थ्य आहे. पण एकंदरीत या चित्रांत स्मरणाने पुनःपुन्हा घोटलेला कोरडेपणा जाणवतो. घराजवळच्या पुलाकडे तो रोज पाहू शकत होता. कॅप्रीचा किनारा मात्र चित्रशाळेच्या चार भिंतींत आठवून रंगवावा लागला. विषयाची थोरवी ही निरीक्षणाची उणीव भरून काढू शकली नाही. अकादमीच्या सदस्यत्वासाठी त्याने सादर केलेले कॅप्रीचे चित्र १८४६ मध्ये नाकारण्यात आले. तत्पूर्वी १८४३ मध्ये वडील वारले होते व ब्लेगडॅमचे घरही विकले गेले होते. चरितार्थासाठी त्याने थॉर्वाल्सन संग्रहालयात सजावटीचे कामही केले. वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी न्यूमोनियाने कोपनहेगन येथे त्याचे निधन झाले.

हयातीत त्याला बेताचीच कीर्ती लाभली. एमिल हॅनोव्हर याच्या १८९३ मधील चरित्रग्रंथानंतर त्याच्या कलेचे यथार्थ मूल्यमापन होऊ लागले. लंडनच्या नॅशनल गॅलरीत २०१० मध्ये भरलेल्या प्रदर्शनामुळे डेन्मार्कबाहेरही त्याचे महत्त्व प्रस्थापित झाले. त्याच्या चित्रांचा आवाका मर्यादित आहे. नाट्यपूर्ण घटना, निसर्गाचे रौद्र रूप वा श्रमिकांचे कष्ट त्यांत क्वचितच येतात. मात्र ही मर्यादा त्याच्या सामर्थ्यापासून वेगळी काढता येत नाही. दीर्घ परिचयातून आलेली अचूक दृष्टी व संयमित रचना यांच्या बळावर त्याने सामान्य स्थळांना जी प्रतिष्ठा दिली, तीच त्याच्या कलेची खरी मिळकत होय. त्याची चित्रे मुख्यत्वे कोपनहेगन येथील राष्ट्रीय कलावीथी, हिर्शस्प्रुंग संग्रह व न्यू कार्ल्सबर्ग ग्लिप्टोटेक या संग्रहालयांत असून उचलत्या पुलाचे १८३७ चे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.