राजीनामा आणि कबुलायत

मराठीत नोकरी सोडण्याच्या कागदाला आपण ‘राजीनामा’ म्हणतो, आणि हा शब्द मोठा विचित्र आहे. हिंदीत ‘इस्तीफा’ किंवा ‘त्यागपत्र’ देतात. उर्दूत ‘राजीनामा’ म्हणजे दोन्ही बाजूंनी तडजोड मान्य केल्याचा लेख. मग मराठीत तो सोडून जाण्याचा कागद कसा झाला? याचं एक उत्तर जुन्या मुंबई इलाख्याच्या महसुली दप्तरात सापडतं. रयतवारीत शेतकऱ्याला जमीन सोडायची असेल तर तो राजीनामा लिहून देई, आणि ती जमीन घेणारा दुसरा माणूस कबुलायत लिहून देई. दोन कागदांची ही जोडी होती. एकानं सोडलं एवढ्यानं काम भागत नसे. सारा कोण भरणार, बांध कोण सांभाळणार, हे दुसऱ्यानं कबूल केल्यावरच व्यवहार पुरा होई.

यात ‘राजी’ किती होतं हा प्रश्न वेगळा. कर्जात बुडालेल्या कुणब्याची जमीन सावकाराच्या नावावर जायची तीही पुष्कळदा याच वाटेनं, राजीनामा-कबुलायत करून. 1875 साली पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली, ती अशाच कागदांच्या रागानं. खुशीनं लिहून दिल्याचं सांगणारा कागद नाखुशीनं लिहिला जाऊ शकतो, हे या शब्दाच्या पोटात पहिल्यापासून आहे.

कालांतरानं शब्द शेतातून कचेरीत आला. येताना त्यानं आपला जोडीदार मागे ठेवला. कबुलायत आज फक्त जुन्या दप्तरांत उरली आहे. माझं म्हणणं असं, की राजीनामा हा गद्यप्रकार म्हणून वाचायचा असेल तर तो एकटा वाचता येत नाही. त्याची कबुलायत कुठे आहे, ती कोणी लिहून दिली, हे शोधावं लागतं.

आजचा रोजचा राजीनामा घेऊ. ‘वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. आपल्या संस्थेत मला पुष्कळ शिकायला मिळालं.’ नगरच्या एमआयडीसीतला सुपरवायझर असो की पुण्यातला आयटीवाला, मजकूर तोच. साहित्याच्या चष्म्यातून पाहिलं तर हे मेलेलं गद्य आहे. पण त्याला भित्रेपणा म्हणून हिणवण्याआधी लिहिणाऱ्याची बाजू पाहावी. त्याला अनुभवाचा दाखला हवा असतो, कार्यमुक्तीचं पत्र हवं असतं, अडकलेला पगार आणि पीएफ हवा असतो. नव्या ठिकाणाहून जुन्या साहेबाला फोन जाणार असतो. ‘वैयक्तिक कारण’ हे तिथे एका सौद्याचं नाव आहे: मी बोलत नाही, तुम्ही अडवू नका. ही आजची कबुलायत, पण ती तोंडी असते आणि म्हणून बऱ्याचदा मोडते.

कायद्याला ही गोष्ट साहित्यिकांच्या आधी कळली. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांमधल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 साली सेवाशर्तींचा कायदा झाला. त्याचं 7वं कलम राजीनाम्याबद्दल आहे आणि ते एखाद्या चांगल्या संपादकानं लिहावं तसं आहे. पत्र दोन प्रतींत लिहा, दोन्हींवर सही करा, दोन्हींवर तारीख घाला. एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टानं पाठवा, एक स्वतःजवळ ठेवा. कारण काय लिहावं, आभार मानावेत की नाही, यावर चकार शब्द नाही. सगळा भर तारखेवर, सहीवर आणि पोस्टाच्या शिक्क्यावर. कारण उघड आहे. दडपणाखाली लिहून घेतलेला, कोऱ्या तारखेचा, टेबलाच्या खणात वेळेची वाट पाहणारा राजीनामा हे आपल्याकडचं जुनं हत्यार आहे. पोस्टाचा शिक्का सांगतो की हा कागद त्या माणसानं, त्या दिवशी, आपल्या पायानं जाऊन टाकला. ‘राजी’ या शब्दाला कायद्यानं दिलेला हा पुरावा आहे. पुढे 1981च्या नियमांनी कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची आणि बाकीच्यांना एका महिन्याची नोटीस घातली, म्हणजे वर्गावर दुसरा शिक्षक येईपर्यंतची सोय केली. ही झाली संस्थेच्या बाजूची कबुलायत.

आता मोठे राजीनामे. आपण ते वीरगाथेसारखे वाचतो. लोकमान्य टिळकांनी 1890 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली तेव्हाचं त्यांचं पत्र इतकं लांब आहे की तो संस्थेचा इतिहासच झाला. आजीव सदस्यांनी निर्वाहापुरतं घ्यावं आणि बाहेरच्या उद्योगांत पडू नये, हे मूळचं तत्त्व सहकाऱ्यांनी सोडलं, हा त्यांचा मुद्दा. पत्र वकिली थाटाचं, मुद्देसूद, पुढे-मागे कोणी वाचेल हे गृहीत धरून लिहिलेलं. त्यात राजीनामा कमी आणि कैफियत जास्त आहे.

1951 सालचा डॉ. आंबेडकरांचा राजीनामा मला या दृष्टीनं जास्त शिकवतो. 27 सप्टेंबरला त्यांनी मंत्रिमंडळ सोडलं. 10 ऑक्टोबरला लोकांच्या प्रतिनिधींपुढे करायचं निवेदन त्यांना हवं तेव्हा करू दिलं नाही, तेव्हा ते सभागृहातून बाहेर पडले आणि ते निवेदन त्यांनी वृत्तपत्रांकडे दिलं. त्यात परराष्ट्र धोरणापासून हिंदू कोड बिलापर्यंतची कारणं क्रमानं येतात. पण दोन जागा विशेष पाहण्यासारख्या आहेत. एक, आपण प्रकृतीमुळे गेलो हा समज त्यांनी मुद्दाम खोडून काढला. ‘वैयक्तिक कारणा’ची तयार पळवाट समोर होती आणि ती त्यांनी नाकारली. दोन, राजीनामा लगेच मंजूर होऊनही ते लगेच मोकळे झाले नाहीत, कारण अधिवेशन संपेपर्यंत मंत्री राहण्याची विनंती पंतप्रधानांनी केली होती आणि संकेतानुसार ती मानणं त्यांना बंधनकारक वाटलं. इतका कडवट निरोप आणि तरी नोटिशीचा काळ पुरा. कारण लपवायचं नाही आणि काम अर्ध्यावर टाकायचं नाही, या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हे त्या दोन आठवड्यांत दिसतं.

आणि आता नगरचे टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी ते नगरला आले. नगर आणि राहुरी हीच पुढे त्यांची कर्मभूमी झाली. 1917 साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात यावेत अशी कल्पना होती. त्यांनी पगार सोडला, धर्म सोडला नाही, लेखणीही सोडली नाही. पगारासाठी बोलणारा उपदेशक आपल्या माणसांना परका वाटतो, ही त्यामागची टोचणी समजण्यासारखी आहे. सोडायचं काय आणि ठेवायचं काय, याची इतकी स्वच्छ वाटणी क्वचित दिसते. नुसता राजीनामा म्हणून पाहिलं तर हा मराठीतला एक उत्तम राजीनामा आहे.

पण याची कबुलायत कोणी लिहून दिली? ती ‘स्मृतिचित्रे’त आहे. 1934 ते 1936 या काळात आलेलं लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र आपण विनोदासाठी, भाषेसाठी, सोशिकपणासाठी वाचत आलो. मला ते अनेक राजीनाम्यांना जोडलेला दुसरा कागद वाटतं. टिळकांनी तरुणपणापासून नोकऱ्या सोडल्या, गावं सोडली, न सांगता घर सोडलं. 1895 साली पूर्वीचा धर्म सोडला तोही बायकोला न विचारता. प्रत्येक वेळी खाली सही एकाची, आणि उद्याची चूल दुसऱ्या कोणाची तरी. लक्ष्मीबाई ते सांगतात तेव्हा तक्रार करत नाहीत, पण काही विसरतही नाहीत. कोण कुठे झोपलं, घरात काय होतं, काय नव्हतं, कोणाच्या दारी राहावं लागलं, हा हिशेब त्या हसत हसत मांडतात. नवऱ्याच्या ध्येयाला त्या कुठेही खोटं पाडत नाहीत. फक्त त्या ध्येयाचा सारा कोणी भरला ते लिहून ठेवतात.

इथे एक आक्षेप येऊ शकतो: मग लक्ष्मीबाईंची कबुलायतही कुणब्याच्या राजीनाम्यासारखीच, नाइलाजाची. सुरुवातीला ती तशीच होती, हे मान्य करायला हवं. पण पुस्तक तिथे थांबत नाही. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःचा विचार पुरा झाल्यावर 1900 साली राहुरीला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही सही त्यांची स्वतःची, तारीख स्वतःची. 1919 साली टिळक गेले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. शाळेत न गेलेल्या बाईनं कवीचं अर्धवट काम आपल्या ओव्यांनी पुढे लिहायला घ्यावं, याहून मोठी कबुलायत मराठीत मला माहीत नाही.

म्हणून नोकरी सोडणाऱ्याला ‘मनातलं सगळं लिहू नका, सभ्य भाषेत लिहा’ एवढाच सल्ला दिला जातो, तो अपुरा वाटतो. भाषा सभ्य हवीच. कारण लिहायचं तर जेवढं उद्या सिद्ध करता येईल तेवढंच लिहावं, आणि खोटं कारण मात्र लिहू नये. पण पत्राचा खरा कस पुढच्या ओळींत लागतो: शेवटचा दिवस कोणता, हातातलं कोणतं काम अपुरं आहे, किल्ल्या, फायली, पासवर्ड कोणाकडे दिले, कोणत्या गिऱ्हाइकाला काय शब्द दिला आहे. या ओळी रटाळ असतात. त्यांत मानापमान नसतो. पण आपल्यामागे त्या खुर्चीत बसणारा माणूस त्यांतूनच दिसतो, आणि आपल्या रागाचं ओझं त्यानं वाहू नये एवढी काळजीही.

आणि पत्र टाकण्याच्या आदल्या रात्री ते घरात एकदा वाचून दाखवावं. त्या कागदावर घरच्यांच्या सहीला जागा नसते. निदान त्यांचा होकार किंवा नकार आधी ऐकलेला असावा. तो दहा-वीस वर्षांनी पुस्तकात वाचायची वेळ येऊ नये.