ताईत आणि तलवार

सर वॉल्टर स्कॉट यांची 'द टॅलिस्मन' ही कादंबरी १८२५ साली प्रसिद्ध झाली. तिसऱ्या क्रूसयुद्धाची ही कथा. तापाने फणफणलेला इंग्लंडचा राजा रिचर्ड आणि त्याला बरे करण्यासाठी हकिमाच्या वेषात शत्रूच्या छावणीत शिरलेला खुद्द सुलतान सलादिन, हे तिचे हृदय. ताईत बुडविलेले पाणी पाजून तो रिचर्डला वाचवितो. प्रसंग सर्वस्वी काल्पनिक. हे दोघे आयुष्यात कधीच समोरासमोर आले नाहीत. मात्र ११९२ साली याफा येथे रिचर्ड आजारी असता सलादिनने त्याला फळे व बर्फ पाठविल्याची नोंद आहे. एवढ्याशा बीजातून स्कॉट यांनी वृक्ष वाढविला आणि कादंबरीतील सर्वांत उमदा पुरुष मुसलमान ठेवला, याचे श्रेय त्यांना द्यावयास हवे.

माझा आक्षेप निराळा आहे. या कादंबरीत पापाला दोनच घरे आहेत: टेम्पलर संघाचा प्रमुख आणि माँटसेराटचा कॉन्रेड. अखेरीस संघप्रमुख कॉन्रेडचा खून करतो, आणि सरबताचा प्याला त्याच्या ओठांना लागण्याआधीच सलादिनची तलवार त्याचे शिर उडविते. दोन दुष्ट गेले, उरलेले सारे सज्जन! इतिहास इतका सोयीस्कर नाही. ऑगस्ट ११९१ मध्ये अक्रे येथे सुमारे २,७०० बंदिवानांची कत्तल करविली ती कोणा कारस्थानी सरदाराने नव्हे, स्वतः रिचर्डने. कादंबरीतला रिचर्ड मात्र शीघ्रकोपी, पण मनाने निर्मळ. त्याच्या हातावरचे हे रक्त कथानकाला कोठेच अडवीत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सत्याच्या सेवेसाठी केल्या गेलेल्या हिंसेबद्दल क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी खलपुरुष शोधले नाहीत. स्कॉट यांना ते शोधावे लागले. एरवी रिचर्डचा गौरव करणे अवघड झाले असते.

तरीही आपल्या मुलांनी ही कादंबरी वाचावी, ती आरंभीच्या प्रकरणांसाठी. वाळवंटात स्कॉटिश सरदार केनेथ आणि एक अमीर जिवावर उदार होऊन झुंजतात आणि मग एकाच झऱ्याकाठी शिदोऱ्या सोडतात. एकापाशी डुकराचे मांस व द्राक्षरस, दुसऱ्यापाशी खजूर व जवाची भाकरी. दोघेही परस्परांच्या अन्नाला नावे ठेवतात, धर्मावरून वाद घालतात. कोणीही तसूभर मागे सरत नाही. हा अमीर म्हणजेच सलादिन, हे वाचकाला तेव्हा ठाऊकही नसते.