रिकामे आसन

‘ट्रान्सफॉर्मर्स’ या अमेरिकन व्यंगचित्रमालेतील ‘इन्सेक्टिकॉन’ हे कीटकरूपी यंत्रखल आम्हांस नुसते बालरंजन वाटत नाहीत. १९८४ मधील त्यांच्या पहिल्याच कथाभागात नाकतोड्याच्या रूपातील किकबॅक व गेंड्या भुंग्याच्या रूपातील बॉम्बशेल बाली बेटावरील पिके फस्त करतात. भूक हीच त्यांची प्रेरणा. मेगाट्रॉनशी त्यांचे सख्यही पोटापुरतेच. टोळधाड सोसलेल्या कोणत्याही समाजास हे भय परके नाही. येथवर कल्पना अस्सल आहे.

परंतु कीटक म्हणजे दुष्ट, हे समीकरण मात्र आम्हांस मान्य नाही. या खेळण्यांचे मूळ जपानच्या ताकारा कंपनीच्या ‘डायाक्लोन’ मालेत आहे. तेथे कीटकयंत्रात चिमुकल्या मानवी चालकासाठी आसन असे. अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने चालक वगळला. यंत्रास स्वतःचे नाव, वाचा आणि दुष्टता लाभली. साच्यातील आसन तसेच राहिले. म्हणजे आकृती तीच. केवळ माणूस उठून गेला!

तेव्हा खलत्व आकृतीत नसून विवेकाच्या अभावात असते, ही गोष्ट कथेने सांगितली नाही, ती खेळण्याने सांगितली. शिक्षकांनी मुलांस ते रिकामे आसन अवश्य दाखवावे.